मावशीचे पट्टे आणि भाच्याचे पट्टे

मांजर ही वाघाची मावशी, असे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ह्या नात्यामागची गोष्टही सर्वांच्या परिचयाची आहे. मावशीने भाच्याला शिकारीच्या साऱ्या विद्या शिकवल्या. झाडावर चढण्याची विद्या तेवढी स्वतःपाशी राखून ठेवली. लोककथेला शास्त्राची साक्ष लागत नाही, आणि ती कोणी मागतही नाही. परंतु बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत वाघाच्या पट्ट्यांविषयी जे संशोधन झाले, त्याने हे जुने नाते एका निराळ्याच बाजूने उजळून निघाले आहे. आपल्या घरातल्या मांजराच्या अंगावरची नक्षी ज्या जनुकामुळे ठरते, त्याच जनुकातल्या एका फरकामुळे ओडिशाच्या रानातले काही वाघ जवळजवळ काळे झाले आहेत. मावशीचा आणि भाच्याचा शिंपी एकच आहे म्हणावयाचा! हा शिंपी काम कसे करतो, आणि त्याने शिवलेला एखादा दुर्मिळ अंगरखा आपल्याला फार आवडला म्हणजे त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, ह्या दोन गोष्टींविषयी, श्रोतेहो, मी आज बोलणार आहे.

मांजरांच्या रंगांची यादी करावयास बसलो तर ती बरीच लांबते. काळे, पांढरे, राखी, पिवळे, पट्टेरी, कबरे, तिरंगी. पण ह्या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशी रंग दोनच आहेत. एक काळसर आणि दुसरा पिवळसर तांबडा. राखी मांजराच्या केसांतही काळाच रंग असतो. तो केसात सारखा न पसरता गुठळ्यांनी साठलेला असतो, इतकेच. आणि पांढरा हा तर रंगच नव्हे. तो रंगाचा अभाव. पट्टेरी मांजराच्या अंगावरचा एखादा गळलेला केस उजेडात धरून पाहावा. पट्ट्यांमधल्या फिकट भागातला केस एकरंगी नसतो. त्याच्यावर काळ्या आणि पिवळ्या रंगाची वलये एकाआड एक असतात. पट्ट्यातला केस मात्र बहुतेक सगळा गडद असतो. काळ्या मांजराच्या बाबतीत ही फिकट वलये उमटवणारी योजनाच बंद पडलेली असते. त्यामुळे पट्टा आणि पट्ट्यामधली जागा ह्यांतला भेद मिटून जातो. तरीही तो पुरता मिटत नाही. काळ्या मांजराचे पिल्लू उन्हात पहुडले असता त्याच्या अंगावर पट्ट्यांच्या पुसट सावल्या दिसतात. आडवे गेलेल्या काळ्या मांजराला पाहून जो मनुष्य चार पावले मागे फिरतो, त्याने ते थोडे थांबून पाहिले, तर एका पट्टेरी मांजरानेच काळी शाल पांघरली आहे हे त्याच्या ध्यानात येईल.

पट्टेरी मांजराला इंग्रजीत ‘टॅबी’ म्हणतात. ह्या शब्दाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. बगदाद शहरात अत्ताबी नावाची एक पेठ होती आणि तेथे लाटांच्या नक्षीचे रेशमी कापड विणले जाई. पेठेचे नाव कापडाला मिळाले, आणि कापडाचे नाव युरोपात पोचून मांजराला चिकटले. आपल्या पैठणीला जसे पैठणाने नाव दिले, तसेच हे.

पण कापडावर नक्षी विणणारा विणकर असतो. मांजराच्या कातडीवर ती कोण विणतो? ह्या प्रश्नाचे पहिले समर्पक उत्तर एका गणितज्ञाने दिले. ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९५२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना अशी की, गर्भाच्या पेशींमध्ये दोन द्रव्ये पसरत असावीत. एक द्रव्य चालना देणारे, दुसरे आवर घालणारे. आणि आवर घालणारे द्रव्य अधिक वेगाने दूरवर जाणारे. एवढ्या दोन अटी पुऱ्या झाल्या, की सपाट पृष्ठभागावर ठिपके किंवा पट्टे आपोआप उभे राहतात. कोणी नकाशा काढून द्यावा लागत नाही. ट्युरिंग ह्यांनी मांडले ते गणित होते. प्रत्यक्षात ती द्रव्ये कोणती, हे त्यांना सांगता येणे शक्य नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी मांजराच्या बाबतीत त्यांतल्या एका द्रव्याचा माग काढला. भटक्या मांजरींच्या नसबंदीच्या वेळी जे गर्भ टाकून दिले जातात, ते त्यांनी तपासले. तेव्हा असे आढळले की, अंगावर एकही केस फुटलेला नसताना, रंगाचा मागमूसही नसताना, गर्भाच्या कातडीत जाड आणि पातळ पट्ट्यांची आखणी होऊन गेलेली असते. केस मागाहून येतात, आणि ज्या जागी उगवतात त्या जागेची शिस्त पाळतात. रांगोळीचे ठिपके आधी आणि रंग नंतर, असाच हा क्रम म्हणावयाचा.

ही आखणी कधी अरुंद उभ्या पट्ट्यांची होते, माशाच्या काट्यांसारखी. तर कधी रुंद, वळणावळणांची होते, पाण्यातल्या भोवऱ्यांसारखी. हा फरक कशामुळे पडतो, ते २०१२ साली उघड झाले. ‘टॅक्पेप’ नावाचे एक जनुक धड असेल तर पट्टे अरुंद येतात. त्यात बिघाड झाला तर भोवरे उमटतात. ह्याच संशोधनात आणखी एक कोडे सुटले. आफ्रिकेत एक प्रकारचा चित्ता कधीमधी दिसे, ज्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी मोठमोठे काळे डाग आणि पाठीवर लांबलचक पट्टे असत. १९२७ साली ती चित्त्याची एक स्वतंत्र जातीच म्हणून नोंदली गेली होती. पुढे १९८१ साली दक्षिण आफ्रिकेतील एका संवर्धन केंद्रात साध्या चित्त्यांच्या पोटी असा ‘राजचित्ता’ जन्माला आला, आणि ती निराळी जात नव्हे हे कळले. पण कारण कळावयास २०१२ साल उजाडावे लागले. राजचित्त्यातही बिघडलेले जनुक होते ते हेच ‘टॅक्पेप’.

आता वंशावळी राखलेल्या मांजरांकडे वळू. १८७१ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या गृहस्थांनी मांजरांचे एक मोठे प्रदर्शन भरवले. मांजरांच्या रीतसर प्रदर्शनांचा आरंभ तेथून धरतात. तोवर मांजराची परीक्षा उंदरांवरून होत असे. पुढे ती रंगावरून आणि बांध्यावरून होऊ लागली. अशा खानदानी मांजरांपैकी सयामी मांजर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अंग सायीच्या रंगाचे. तोंड, कान, पाय आणि शेपटी मात्र गडद तपकिरी. हा रंग म्हणजे वस्तुतः एक उष्णतामापकच आहे. काळा रंग तयार करणारे जे विकर असते, ते सयामी मांजरात असे बदललेले आहे की, शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत त्याचे काम चालत नाही. कान, पाय, शेपटी हे भाग थोडे थंड राहतात. तेथे ते काम करते. म्हणूनच सयामी पिल्ले जन्मतः जवळजवळ पांढरी असतात, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब असते. ती बाहेरच्या जगात आली, टोकांना गारवा लागला, की हळूहळू रंग भरू लागतो. वय होईल तसे अंगही थोडे काळवंडते.

परंतु रंगाचे जनुक रंगापुरतेच थांबत नाही. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची मांडणी व्हावयाची असते, तीत ह्याच रंगद्रव्याचा हात असतो. सयामी मांजरात काही नसा चुकीच्या बाजूला जातात. पूर्वी पुष्कळ सयामी मांजरे तिरळी असत, त्याचे कारण हेच. पांढऱ्या मांजरांची गोष्टही अशीच आहे. पांढरे शुभ्र अंग आणि निळे डोळे असलेली मांजरे बहुधा बहिरी असतात, ह्याचा उल्लेख डार्विन ह्यांनी १८५९ साली आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात केला आहे. आज त्याचे कारण माहीत आहे. रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि साऱ्या अंगभर प्रवास करतात. पोट आणि पंजे हा त्यांच्या वाटेतला शेवटचा मुक्काम. म्हणून अनेक मांजरांचे पोट आणि पायमोजे पांढरे राहतात. ह्या पेशींपैकी काहींना कानाच्या आतल्या भागात पोचावयाचे असते, कारण ऐकण्याच्या कामात त्यांची गरज असते. त्या तेथे पोचल्याच नाहीत, तर कान मुका होतो. पाहणाऱ्याला दिसते ते शुभ्र अंग. न दिसणारी उणीव आत असते.

तिरंगी मांजराची तऱ्हा ह्याहून वेगळी. पिवळ्या रंगाचे जनुक ‘एक्स’ ह्या गुणसूत्रावर असते. मादीत ‘एक्स’ गुणसूत्रे दोन. आणि प्रत्येक पेशी त्यांपैकी एक मिटून ठेवते, हे मेरी लायन ह्या विदुषींनी १९६१ साली मांडले. कोणत्या पेशीने कोणते मिटावे, हे जणू नाणे उडवून ठरते. म्हणून एकाच मांजरीच्या अंगावर काळे आणि पिवळे असे ठिगळ उमटते, आणि म्हणून तिरंगी बोका क्वचितच दिसतो. हे पिवळे जनुक नेमके कोणते, ते शोधून काढल्याचे जपानी आणि अमेरिकन संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केले. त्याआधी, २००१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका तिरंगी मांजरीची हुबेहूब प्रतिकृती प्रयोगशाळेत जन्मास घालण्यात आली होती. जनुके तीच; पण पिल्लाच्या अंगावर पिवळ्या रंगाचा एक ठिपकाही नव्हता. जी नक्षी दैवाने एकदा काढली, ती तशीच्या तशी पुन्हा काढून घेणे माणसाला साधले नाही.

आपल्याला आवडलेला रंग पुन्हा पुन्हा मिळावा, ही इच्छा मात्र माणसाला सोडीत नाही. ती पुरी करण्याचा जो राजमार्ग आहे, तोच ह्या विषयातला कळीचा मुद्दा. अनेक दुर्मिळ रंग हे अप्रभावी असतात. आई आणि बाप ह्या दोघांकडूनही ते जनुक आले तरच रंग प्रकट होतो. एकाकडूनच आले तर तो लपून राहतो. परक्या घरात ते जनुक सापडणे कठीण. आपल्याच घराण्यात ते सापडण्याचा संभव पुष्कळ. तेव्हा रंग झटपट हवा असेल, तर बापाची मुलीशी अथवा भावाची बहिणीशी जोडी लावावी, हा हिशेब सोपा आहे. पण अशा वेळी केवळ रंगाचेच जनुक दोन्हीकडून येते असे नाही. घराण्यात जे जे दोष लपलेले असतील, तेही दोन्हीकडून येऊन उघडे पडतात. इराणी नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब केसांच्या मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा विकार दूरवर पसरला. हे जनुक प्रभावी, म्हणजे एकाकडून आले तरी पुरे. पण विकार उतारवयात प्रकट होई, आणि तोवर देखण्या बोक्याची संतती घरोघर गेलेली असे.

हाच हिशेब आपल्या देशात एकदा वाघाच्या बाबतीत मांडला गेला. १९५१ च्या मे महिन्यात रीवाचे महाराज मार्तंडसिंह ह्यांनी रानातून एक पांढरा बछडा पकडून आणला. त्याचे नाव मोहन. गोविंदगडच्या महालात तो वाढला. बेगम नावाच्या साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला जी पिल्ले झाली ती सारी पिवळी. मग त्यांतल्याच राधा नावाच्या मुलीशी त्याची जोडी लावण्यात आली, आणि १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले. साऱ्या जगात त्यांचे कौतुक झाले. प्राणिसंग्रहालयांतून आज जे पांढरे वाघ दिसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या वंशावळीत मोहन आहे. ह्या वाघांत तिरळेपणा पुष्कळ. आणि १९७३ साली एका पांढऱ्या वाघाची तपासणी झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या नसांतही सयामी मांजरासारखीच गफलत आढळली. म्हणजे येथेही भाचा मावशीच्याच वळणावर गेला!

आता सिमिलीपालकडे येऊ. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात सुमारे २७५० चौरस किलोमीटरचा हा व्याघ्रप्रकल्प आहे. येथे काही वाघांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की अंगावर पिवळा रंग फटींतून डोकावावा तसा दिसतो. लोक त्यांना काळे वाघ म्हणतात. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस ह्या संस्थेत उमा रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी विनय सागर ह्यांनी ह्या वाघांचा प्रश्न हाती घेतला. ही संस्था मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीच शाखा. मांजर आणि चित्ता ह्यांचे कोडे सोडवणाऱ्या मंडळींपैकी काहीजण ह्या कामातही होते. २०२१ च्या सप्टेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ‘टॅक्पेप’ ह्या जनुकात एका अक्षराचा बदल. आणि तो आई-बाप दोघांकडून आला की वाघ काळा. देशातील सुमारे चारशे वाघांचे जनुकीय नमुने तपासले, तेव्हा सिमिलीपालच्या बाहेर हा बदल केवळ पिंजऱ्यातल्या काही वाघांत आढळला. सिमिलीपालमध्ये मात्र छायाचित्रांत टिपलेल्या वाघांपैकी शेकडा सदतीस काळे होते. ओडिशा सरकारच्या २०२३-२४ च्या गणनेत येथे २७ वाघ मोजले गेले, त्यांतले १३ काळे.

जगात कोठेही न आढळणारा रंग एका रानात इतका बोकाळतो, ह्याचा अर्थ काय? तो वाघाला विशेष उपयोगी पडतो असा पुरावा नाही. संशोधकांनी काढलेला अर्थ साधा आणि चिंताजनक आहे. येथले वाघ थोडे. बाहेरून कोणी येत नाही, आतून कोणी जात नाही. रीवाच्या महालात जे माणसाने हेतुपुरस्सर केले, तेच येथे रानाच्या एकाकीपणाने घडवून आणले आहे. नात्यातल्या नात्यात वीण होत राहिली, आणि लपलेला रंग वर आला. रंग हा स्वतः रोग नसेल. पण तो दाराशी लावलेल्या पाटीसारखा आहे. ह्या घरी पाहुणा आलेला नाही, असे ती पाटी सांगते.

सरकारी कामकाजात ‘दुर्मिळ’ ह्या शब्दाला मोठे वजन असते. दुर्मिळ वस्तू दिसली की ती दाखवावी, तिच्याभोवती कुंपण घालावे, तिकीट लावावे, असे सहज वाटते. २०२४ च्या जानेवारीत ओडिशा सरकारने बारीपदाजवळ काळ्या वाघांसाठी सफारी उभारण्याचे जाहीर केले. नंदनकानन प्राणिसंग्रहालयातले आणि सुटका करून आणलेले वाघ तेथे ठेवावयाचे, अशी ती योजना. लोकांना काळा वाघ जवळून पाहावयास मिळावा, आसपासच्या गावांना चार पैसे मिळावे, ह्यात वावगे काही नाही. पण सफारीत काळ्या वाघांची पैदास हेच उद्दिष्ट होऊन बसले, तर मोहन आणि राधा ह्यांचा हिशेब आपण पुन्हा मांडू. तो धडा आपण एकदा गिरवला आहे.

त्याच वर्षी दुसरेही एक पाऊल टाकले गेले, आणि त्याच्याशी आपल्या महाराष्ट्राचा संबंध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाहून दोन वाघिणी सिमिलीपालला नेण्यात आल्या. ऑक्टोबरात जमुना आणि नोव्हेंबरात झीनत. एकीकडे वाघ दाटले आहेत आणि माणसांशी त्यांचा जीवघेणा संघर्ष होतो आहे; दुसरीकडे रक्त आटत चालले आहे. तेव्हा एका घरची लेक दुसऱ्या घरी द्यावी, असा हा विचार. पण रानातली लेक कागदावरच्या रेषा मानीत नाही. झीनत सिमिलीपाल सोडून निघाली, झारखंडात गेली, तेथून पश्चिम बंगालच्या पुरुलिया आणि बांकुडा जिल्ह्यांत शिरली. तीन राज्यांच्या वनखात्यांना तिने जागे ठेवले, आणि २९ डिसेंबरला बेशुद्ध करून तिला पकडावे लागले. मग पुन्हा सिमिलीपालला पाठवावे लागले. तिच्या भ्रमंतीची बातमी अनेकांनी करमणूक म्हणून वाचली असेल. मला तीत एक प्रतिपादन दिसते. वाघ चालू शकतो, तीन राज्ये ओलांडू शकतो. प्रश्न असतो तो त्याच्या वाटेवर रान शिल्लक आहे की नाही हा. प्रत्येक पिढीत वाघिणी मोटारीत घालून नेत राहणे, हा काही कायमचा उपाय नव्हे. दोन रानांमधली वाट मोकळी ठेवणे हा खरा उपाय. आणि अशी वाट दोन-तीन राज्यांच्या, खाणींच्या, रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या फायलींतून जात असते, म्हणून तो कठीण. ह्या दोघींच्या येण्याने सिमिलीपालच्या वाघांची वंशवेल कशी वाढते, हे कळावयास अजून काही वर्षे जावी लागतील. कदाचित काळ्या वाघांचे प्रमाण हळूहळू घटेल. काहींना त्याचे वाईट वाटेल. पण ते घटणे हीच सुधारणेची खूण ठरावी.

खानदानी मांजर पाळू नये, असे मी म्हणत नाही. देखणेपणाची आवड ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हे. परंतु पिल्लू घेताना रंगाबरोबर त्याचे आई-बाप परस्परांचे कोण लागतात, हे विचारण्याची चाल पडली पाहिजे. आणि ज्यांना खानदानी मांजर परवडत नाही, त्यांनी मन छोटे करण्याचे कारण नाही. बंगळूरच्या बाजारात, पुण्याच्या वाड्यात किंवा कोकणातल्या मासळीच्या गिऱ्हाइकांच्या पायांत घोटाळणाऱ्या साध्या मांजरीला एका वेतात एक काळे, एक पिवळे आणि दोन पट्टेरी पिल्ले होतात. त्यांतली दोन सारखी नसतात, म्हणून आपण त्यांना बेवारशी समजतो. वास्तविक त्या चार रंगांत अनेक घराण्यांचा वारसा असतो. सिमिलीपालच्या वाघाला आज नेमकी हीच श्रीमंती हवी आहे, आणि ती मावशीपाशी मुबलक आहे.